अंगी लागत नाही

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी फाईल मिटली आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवली, तेव्हाच मला कळलं. हिमोग्लोबिन पुन्हा सातच्या घरात. ऑपरेशनला किमान दहा हवं, त्याशिवाय मी या बाईंना भूल देणार नाही, असं ते गेल्या खेपेलाही म्हणाले होते आणि याही खेपेला म्हणाले. वर, गोळ्या नीट घेत चला, हेही ऐकवलं. नीट म्हणजे कशा? मी काय नाकातून घेत होते?

हे मी मनातच म्हटलं. डॉक्टरांशी मोठ्यानं भांडायला अंगात जोर लागतो, आणि तोच तर नव्हता. बाहेर येऊन जिन्याच्या वळणावर बसले, आधी श्वास घेतला, मग घरी फोन करून सांगितलं की तारीख परत पुढे गेली. तिकडून सासूबाई नुसतं “बरं” म्हणाल्या. त्या “बरं”मध्ये काय काय भरलेलं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं.

माझ्या गर्भाशयात गाठी होत्या. वाईट प्रकारच्या नव्हत्या, पण दर महिन्याला इतकं रक्त जायचं की आठवडाभर मी माणसांत नसायचे. गाठी काढल्या की रक्त जायचं थांबणार. पण रक्त कमी म्हणून गाठी काढता येत नाहीत, आणि गाठी आहेत म्हणून रक्त भरून येत नाही. घाण्याला जुंपल्यासारखी मी याच वर्तुळात फिरत होते. त्यातून बाहेर पडायची वाट सगळ्यांनी एकच दाखवली होती, ती म्हणजे लोहाच्या गोळ्या.

मी चपला-बुटांच्या दुकानात कामाला आहे. भिंतभर खोकी, पार छतापर्यंत, आणि त्यांना लावलेली सरकती शिडी. गिऱ्हाईक खाली बाकावर बसून बोट दाखवणार, तो वरचा, तपकिरी. मी चढून काढणार. मग पायात घालून ते म्हणणार, याच्यात एक नंबर मोठा बघू. पूर्वी मला याचं काही वाटायचं नाही, उलट नवीन मुली दमल्या की मी त्यांना चिडवायचे. आता दोन पायऱ्या चढले की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मालकीणबाईंनी गल्ल्याजवळ मला स्टूल दिलं. त्या मनानं चांगल्या आहेत. पण चपला काढून न देणारी बाई चपलांच्या दुकानात किती दिवस ठेवायची, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही तरी स्टुलावर बसल्या बसल्या मला ऐकू येत होता.

आता गोळ्यांचं सांगते. माझा नवराच गोळ्या बनवतो. औषधांच्या कारखान्यात गोळ्या दाबायच्या मशीनवर तो आमच्या लग्नाच्या आधीपासून आहे. तिथली माणसं त्याला उस्ताद म्हणतात, आणि हे नाव तो कडक इस्त्रीच्या शर्टासारखं जपतो. मशीनमध्ये एका बाजूनं भुकटी पडते, वरून आणि खालून पोलादी ठसे येऊन तिला दाबतात, आणि दुसऱ्या बाजूनं गोळ्या बाहेर पडतात. दाब कमी पडला तर गोळीच्या कडा डबीत घासून तुटतात. मागे एकदा अशा तुटक्या गोळ्यांच्या बऱ्याच तक्रारी आल्या आणि साहेबांनी सगळ्यांदेखत याला झापलं. ते याच्या इतकं जिव्हारी लागलं की पुढच्या खेपेला यानं दाब वाढवला तो वाढवलाच. लोहाच्या गोळ्यांची खेप होती. एकही गोळी तुटली नाही. एक गोळी घरी आणून त्यानं मला फरशीवर आपटून दाखवली. ती टणकन उडाली आणि कपाटाखाली गेली. ती काढायला तो स्वतः पालथा झोपला, आणि बाहेर काढून शर्टाला पुसून म्हणाला, बघ, ओरखडा नाही.

ती खेप लॅबनं अडवली. कारखान्याच्या लॅबमध्ये गोळ्या काचेच्या नळ्यांत घालून कोमट पाण्यात वरखाली हलवतात आणि त्या किती वेळात फुटतात ते बघतात. याच्या गोळ्या ठरल्या वेळेत फुटल्या नाहीत. लॅबवाल्या बाईंनी लाल शिक्का मारला आणि अख्खी खेप नष्ट करायच्या पिंपांत गेली. नवरा घरी येऊन जेवण होईपर्यंत धुमसत होता. त्या लॅबवालीला घाई असेल, पोटाला कसली घाई आहे, असं त्याचं म्हणणं. पोटात गेलेली गोळी आज ना उद्या फुटेलच की, जाईल कुठे?

नेमक्या त्याच सुमारास माझ्या डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. नवऱ्यानं चिठ्ठी वाचली आणि त्याचा चेहरा फुलला. औषध तेच, वजन तेच, फक्त कंपनी वेगळी. पिंपं जायच्या आधी त्यानं त्यातून बरणीभर गोळ्या घरी आणल्या. सगळेच काही ना काही नेतात, आणि जाळून टाकण्यापेक्षा बायकोच्या पोटात गेलेलं काय वाईट, हे त्याचं गणित. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उस्तादाच्या बायकोनं दुसऱ्याच्या हातच्या गोळ्या घेणं बरं दिसलं नसतं, आणि त्याच्या हातावर माझाही विश्वास होता.

शिवाय गोळ्या मला मानवल्या. शेजारणीला लोहाच्या गोळ्यांनी मळमळायचं, तोंडाला गंजाची चव यायची, पोट बिघडायचं. मला काही म्हणता काही झालं नाही. नवरा म्हणायचा, याला म्हणतात हात. माझी गोळी बाधायची नाही.

ती बाधली नाही आणि लागलीही नाही. रक्त तपासलं तर आकडा होता तिथंच. मग माझी शिकवणी सुरू झाली, आणि जो तो मास्तर झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उपाशीपोटी घ्या, सोबत लिंबू पिळलेलं पाणी घ्या, आंबटानं लोह आत शिरायला मदत होते. दूध लांब ठेवा. हाडांसाठी कॅल्शियमची गोळी घेता ना, ती रात्री घ्या, कारण कॅल्शियम आणि लोह एकदम आले की दारात एकमेकांना अडवतात. आणि गोळीच्या आगेमागे चहा बंद. हे शेवटचं मात्र मला फार जड गेलं. मी एक वेळ नवरा सोडीन पण सकाळचा चहा सोडणार नाही, असं मी दुकानात सगळ्यांना सांगत असे. तो सोडला. सकाळी लिंबूपाणी आणि गोळी, आणि मग इतरांच्या चहाचा वास घेत ओट्याशी उभं राहायचं. सासूबाई तर माझ्यासमोरच बशीत ओतून फुरके मारायच्या. एवढी तपश्चर्या करून पुन्हा रक्त तपासलं, तर आधीपेक्षा थोडं कमीच निघालं.

मग नणंद मैदानात उतरली. ती दाताच्या दवाखान्यात नावं लिहून घ्यायला बसते, त्यामुळे निम्मी डॉक्टर आहे. तिचं म्हणणं पडलं की असलं जुनाट लोह कुणाच्या अंगी लागतच नाही. आता नवीन प्रकार निघालेत. त्यात लोहाला प्रथिनाच्या तुकड्यात गुंडाळलेलं असतं, त्यामुळे आतड्याला ते खाणंच वाटतं आणि ते गुपचूप आत जातं. तिनं तसल्या गोळ्यांची डबी पाठवूनही दिली. नवऱ्यानं डबी उलटीसुलटी करून बारीक अक्षरं वाचली आणि मग माझ्यासमोर तिचं नाक कापलं. सल्फेट, फ्युमरेट, ग्लायसिनेट, ही सगळी लोह विकायची नावं आहेत, तो म्हणाला, लोह ते लोह, माणसानं कोट बदलला म्हणून तो दुसरा माणूस होत नाही. डबी परत गेली. बहीणभाऊ पुढे पंधरवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते, आणि दोघंही आपापला राग मला फोन करून किंवा समोर बसवून सांगत होते. माझं रक्त कुणाच्या लक्षात होतं कोण जाणे.

शेवटी मी डॉक्टरीणबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, प्रकाराप्रकारात फरक असतो हे खरं आहे. काही लवकर शोषले जातात, काही उशिरा, काहींनी पोटाला त्रास कमी होतो. पण तुम्हाला दिलेला प्रकार साधा असला तरी चांगला आहे. कोणताही प्रकार असो, महिनोन्‌महिने रोज पोटात गेला तर आकडा थोडा तरी हलायलाच हवा. बोलता बोलता त्या थांबल्या आणि त्यांनी विचारलं की गोळ्या सुरू केल्यापासून शौचाला काळं होतं का.

मी म्हटलं, अजिबात नाही. सांगताना मला उलट बरं वाटलं, तक्रार नसलेली रोगीण म्हणून. नवरा शेजारच्या खुर्चीत होता, तोही कौतुकानं मान हलवत होता.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना काळं होतंच,” त्या म्हणाल्या. “मला खरं सांगा. तुम्ही गोळ्या घेता ना?”

मी म्हटलं, रोज घेते. त्या म्हणाल्या, पुष्कळ बायका टाळतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आवाज इतका प्रेमळ होता की मला तो टेबलावरचा कागद चुरगळून टाकावासा वाटला. सलाइनमधून लोह देतात असं ऐकलंय, ते द्या मला, असं मी म्हटलं. तर म्हणाल्या, गोळ्यांनी खरोखरच भागत नाही अशांसाठी ते असतं. आधी महिनाभर प्रामाणिकपणे गोळ्या घेऊन या. प्रामाणिकपणे हा शब्द त्यांनी नवऱ्याकडे बघून उच्चारला, जशी काही मी शाळेतली मुलगी आणि तो माझा पालक.

परत येताना तो एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर मात्र आईशी बोलला असणार, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई माझ्या आधी स्वयंपाकघरात हजर. मी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले. त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या, “आ कर.”

मी बेचाळीस वर्षांची बाई. मी आ केला. मग जीभ वर कर, मग गाल ओढून दाखव. बाजारात गुरं घेताना दात बघतात तसं चाललं होतं. हे रोजचंच झालं. शिवाय त्या कचऱ्याची बादली काडीनं ढवळून बघायच्या आणि खिडकीतल्या कुंडीची माती उकरायच्या. कुंडीतलं झाड त्यापायी सुकलं, आणि ते माझ्यामुळेच सुकलं असा त्यांचा पक्का समज झाला, कारण गोळ्या तिथंच जात असणार.

शेवटी मी नवऱ्यालाच धरलं. तो डबा भरत होता. आईला आवर म्हटलं, मला हे सहन होत नाही. त्यानं डब्याचं झाकण लावलं, परत काढलं, परत लावलं.

“तू गोळ्या टाकतेस का?” त्यानं विचारलं.

“तुला काय वाटतं?”

“मला वाटतं तुला ऑपरेशनची भीती वाटते. वाटू दे, त्याचं काही नाही. पण तसं सांग ना.”

“मी गोळ्या घेते. रोज घेते. तुझ्यासमोर घेते.”

“मग डॉक्टर खोटं कशाला बोलतील? आणि गोळीत खोट नाही, एवढं मला माहीत आहे. मी स्वतः दाबलीय ती.”

म्हणजे गोळी खरी, डॉक्टर खरे, कुंडीसुद्धा खरी. राहिले मी. इतकी वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसानं मला आणि एका गोळीला तराजूत घातलं आणि पारडं गोळीकडे झुकलं. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आला तो नुसता संताप, आणि संताप करायलाही धाप लागत होती. मी ओट्याला धरून उभी राहिले. तो डबा घेऊन कामावर गेला.

पुढच्या महिन्यातल्या रक्तस्रावाचा चौथा की पाचवा दिवस असेल, मी दुकानात शिडीवर चढले. कुणी सांगितलं नव्हतं. मालकीणबाई बाहेर गेल्या होत्या, एका म्हाताऱ्या गृहस्थांना वरचे मऊ बूट हवे होते, आणि स्टुलावर बसून बसून मला माझीच लाज वाटायला लागली होती. खोकं हातात आलं तेवढं आठवतं. नंतर मी खाली होते, अंगावर बुटांचा खच पडला होता, आणि ते म्हातारे गृहस्थ एका पायात मोजा घालून मदतीला हाका मारत होते. मालकीणबाई धावत परत आल्या आणि गाडीत घालून त्यांनी मला हॉस्पिटलमध्ये नेलं. कंबर इतकी दुखत होती की हाड मोडलंय असंच सगळ्यांना वाटलं.

एक्सरे काढणाऱ्या माणसानं पहिला फोटो काढला आणि आतून ओरडून विचारलं की खिशात काय आहे. काही नाही म्हटलं. त्यानं मला हॉस्पिटलचा झगा घालायला लावला आणि दुसरा काढला. मग विचारलं, आत काही बटणांचं घातलंय का. नाही म्हटलं. आयाबाईंनी झगा चाचपून पाहिला. एका महिन्यात माझी इतकी झडती झाली होती की मला आता काहीच वाटेनासं झालं होतं. तिसऱ्यांदा फोटो काढून तो बाहेर आला, चष्मा कपाळावर चढवला आणि जरा हळू आवाजात म्हणाला, “बाई, ते बाहेर नाहीये. तुमच्या आत आहे.”

हाड मोडलं नव्हतं. फोटो दिव्याच्या काचेवर लावला होता, त्यात माझी कंबर छान दिसत होती, आणि तिच्या आसपास, आतड्याच्या वळणावळणात, पांढरे शुभ्र लांबट ठिपके. काही सुटे, काही एकावर एक. कडा अशा स्वच्छ की कुणी कोरून ठेवल्यासारख्या. डॉक्टरीणबाईंना वरून बोलावून घेतलं. त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या, मग माझ्याकडे वळल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातला तो प्रेमळपणा गेलेला होता. लोह एक्सरेत पांढरं दिसतं, त्या म्हणाल्या. या कुठल्या कंपनीच्या गोळ्या आहेत? मी म्हटलं, घरच्या. मग बरणी, पिंप, लाल शिक्का, सगळं सांगावं लागलं. मालकीणबाई ऐकत होत्या, आयाबाई ऐकत होत्या, मला कुणाची पर्वा नव्हती.

तेवढ्यात नवरा आला. मालकीणबाईंनी त्याला फोन केला होता. मशीनवरून उठून तसाच आलेला, डोक्याला टोपी, पापण्यांवर भुकटी. मी पडले आहे, मोडले आहे, असं समजून आला होता, आणि मला बसलेली बघून त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याची नजर काचेवर गेली. तो जवळ गेला. पाठीमागे हात बांधून वाकला. हे वाकणं मला ओळखीचं होतं. मशीनमधून पहिली गोळी पडली की तो असाच वाकतो, असं त्याच्या सोबतचे सांगतात.

“एकही तुटलेली नाही,” तो म्हणाला.

त्याच्या आवाजात समाधान होतं. खरंच होतं, मी शपथेवर सांगेन. अर्धा क्षण टिकलं असेल. मग त्याला कळलं की आपण काय बघतोय आणि कुणाच्या पोटात बघतोय. तो सरळ झाला, टोपी काढली, आणि ती कुठे ठेवावी ते त्याला सुचेना.

“तुटायलाच हवी होती,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी त्याला नीट समजावलं. लोहाचा प्रकार कोणता, किती चांगला, बरोबर लिंबू घेतलं की चहा, हे सगळं गोळी फुटल्यानंतरचं आहे. गोळी फुटून विरघळली तरच आतडं त्यातलं काही घेणार. आणि लोह आत घेण्याचं काम आतड्याच्या सुरुवातीच्या भागात होतं. तो भाग ओलांडून गोळी अख्खी पुढे गेली की मग ती फुटली काय आणि न फुटली काय. यांना मळमळ झाली नाही, काळं झालं नाही, कारण यांनी लोह घेतलंच नाही. यांनी खडे गिळले.

“रोज गिळले,” मी म्हटलं.

“हो,” त्या म्हणाल्या, “रोज गिळलेत तुम्ही. मी गोळी बघायला मागायला हवी होती.” एवढं त्या म्हणाल्या आणि त्याच दिवशी मला दाखल करून घेऊन सलाइनमधून लोह सुरू केलं. नंतर घरी घ्यायला पातळ औषध लिहून दिलं.

ते औषध काय सांगू. तोंडात खिळे चघळल्यासारखी चव, घेतलं की मळमळ, आणि बाकी जे व्हायचं ते सगळं कोळशासारखं काळं. मला इतका आनंद झाला की मी शेजारणीला हाक मारून सांगितलं. हळूहळू आकडा हलला. आठ झाला, नऊ झाला. ओट्याशी उभी राहताना कडा धरायची गरज उरली नाही.

सासूबाईंनी माफी मागितली नाही, तो त्यांचा स्वभाव नाही. पण एक्सरेचा फोटो त्यांनी मागून घेतला, आणि जो येईल त्याला खिडकीच्या उजेडात धरून दाखवायला लागल्या. आमच्या सुनेनं एक गोळी चुकवली नाही हो, बघा, सगळ्या आहेत. दूधवाल्यालाही दाखवला. माझ्या कमरेचा सांगाडा अख्ख्या इमारतीनं बघितला. न बोलताच केलेली भरपाई होती ती, आणि ती त्यांना त्यांच्या पद्धतीनं करू द्यावी असं मला वाटलं.

नवऱ्याचं मात्र काही कळेना. बरणी त्यानं स्वतः कारखान्यात परत नेली आणि साहेबांना सांगितलं की ही मी नेली होती. त्याला बोलणी बसली, काही दिवस मशीनवरून काढून पॅकिंगला बसवलं, ते त्यानं मुकाट्यानं सोसलं. लॅबवाल्या बाईंकडे जाऊन त्यानं माफी मागितली. हे मला घरी येऊन सविस्तर सांगितलं, कसा गेला, काय म्हणाला, त्या काय म्हणाल्या. नळ्यांची ती तपासणी त्यानं पहिल्यांदाच शेवटपर्यंत उभं राहून बघितली म्हणे. मग रोज जेवताना तेच. दाब किती, पाणी किती कोमट, भुकटीत काय घातलं की गोळी पाणी ओढून फुगते आणि फुटते. नणंदेलाही फोन करून तो म्हणाला की तुझंही थोडं बरोबर होतं. साहेब झाले, लॅब झाली, बहीण झाली. मी ताट घेऊन समोर बसलेली असायचे, आणि वाट बघायचे. तो पाणी कसं झिरपतं ते सांगत राहायचा. दोनदा मी ताटावरून उठले. त्याला वाटलं मळमळतंय.

दहाच्या वर आकडा गेला आणि तारीख मिळाली. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी फाईल उघडी ठेवून सही केली. सकाळी मला ट्रॉलीवर निजवलं, हाताला सुई लावली, केस टोपीत कोंबले. सासूबाई वर खोलीत थांबल्या. नवरा ट्रॉलीच्या दांडीला धरून बाजूनं चालत होता. छताचे दिवे एकामागून एक माझ्यावरून जात होते आणि मधूनमधून त्याचा चेहरा. दाढी घाईत केलेली, हनुवटीपाशी कापलेलं.

“मी लॅबचं ऐकायला हवं होतं,” तो म्हणाला.

हे त्यानं त्या दिवसांत इतक्यांदा म्हटलं होतं की ते मला पाठ झालं होतं. ट्रॉलीवर आडवं पडून भांडायचं नाही असं मी ठरवलेलं होतं. पण अंगात आता रक्त होतं.

“लॅबनं तुला गोळीचं सांगितलं होतं,” मी म्हटलं. “माझं मी सांगत होते. रोज.”

ट्रॉली वळली. ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी ढकलणारा माणूस थांबला आणि म्हणाला, नातेवाइकांनी इथंच थांबायचं. नवऱ्यानं दांडी सोडली नाही. माणसानं परत सांगितलं. नवऱ्यानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो माझ्याकडे बघत होता.

“तू रोज घेत होतीस,” तो म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं. “तू सांगितलंस, आणि मी तुला खोटं ठरवलं.”

“हो,” मी म्हटलं. “एवढंच ऐकायचं होतं. आता सोड, ते खोळंबलेत.”

त्यानं दांडी सोडली.